हॅस्टेलॉय सी-२७६ की निकेल-टंगस्टन: ७७ केल्विनला कोणती पट्टी टिकते?

अतिवाहक टेप म्हणजे अतिथंड अवस्थेत विनारोध वीज वाहणारी पट्टी. तिची ताकद मुख्यतः खालच्या धातूच्या आधारपट्टीतून येते; ती हॅस्टेलॉय सी-२७६ (निकेलवर आधारित मिश्रधातू) किंवा निकेल-टंगस्टनची असते. वीज वाहणारा वरचा सिरॅमिक थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा.

निकेलमध्ये ५ अणुटक्के टंगस्टन असलेली पट्टी थंड लाटून मग तापवतात, म्हणजे सगळे कण एकाच दिशेला लागतात. त्याच तापवण्याने ती मऊही पडते. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला, तिची नमन-मर्यादा (जिच्यापुढे ताण दिल्यास धातू कायमचा ताणला जातो) साधारण २०० मेगापास्कल. हॅस्टेलॉयच्या पट्टीत कण असे एका दिशेला असावे लागत नाहीत, ती शिस्त वरच्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या थरातून येते. त्यामुळे लाटण्याने आलेला कडकपणा बराचसा टिकतो आणि ७७ केल्विनला ८०० मेगापास्कलच्या वर आकडा मिळतो.

४ मिमी रुंदीची पट्टी नमन-मर्यादेपर्यंत किती ओढ सोसते, याचा हिशेब करा. हॅस्टेलॉय ५० मायक्रॉन: सुमारे १६० न्यूटन. निकेल-टंगस्टन ७५ मायक्रॉन: जाड असूनही ६०. शिवाय ती ७७ केल्विनला लोहचुंबकीय, म्हणजे प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहात जादा ऊर्जाक्षय. चुंबकाच्या वेटोळ्यासाठी हॅस्टेलॉयच घ्यावी. निकेल-टंगस्टन वापरायचीच तर दोन्ही बाजूंनी पितळ किंवा स्टेनलेस स्टीलची पट्टी डाखावी.

टेप ओढून ताकद मोजण्याच्या चाचणीत एक खोच आहे: टेप किंचित वाकलेली असते, म्हणून ताण आणि लांबीवाढ यांच्या आलेखाचा सुरुवातीचा उतार फसवा येतो. लवचिकता गुणांक (पट्टीचा ताठपणा सांगणारा आकडा) भार उतरवतानाच्या रेषेवरून काढा. आणि थर सोलून निघण्यापुढे दोन्ही पट्ट्या सारख्याच हतबल.