शाळेचं वाचनालय: वेगळी खोली की वर्गातलं कपाट?

शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रत्येक शाळेत वाचनालय हवं म्हणतो: वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं. किती पुस्तकं, कोणत्या भाषेत, याबद्दल मात्र त्याच्या अनुसूचीत काही नाही. कर्नाटक राज्याचे निकष सुधारताना हे ठरायला हवं.

वेगळी खोली आणि प्रशिक्षित ग्रंथपाल ही व्यवस्था बेळगाव, निपाणीतल्या मोठ्या हायस्कुलांना शोभते. संदर्भग्रंथ नीट राहतात, नोंदी होतात, मुलांना शांत बसायला जागा मिळते.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या दोन शिक्षकी मराठी शाळेत ग्रंथपाल कुठून येणार? पहिली ते पाचवीची पटसंख्या साठपर्यंत असेल तर कायद्यानेच दोन शिक्षक. खोलीची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि ते मीटिंगला गेले की कुलूप. तिथे वर्गातलं उघडं कपाटच बरं. पुस्तक हाताशी असतं, नोंदवही मुलंच ठेवतात. पुस्तकं फाटतील, एखाददुसरं हरवेलही; ती खर्चाची बाब धरावी, शिक्षकाच्या पगारातून वसुली नको.

माझं मत लहान शाळांपुरतं कपाटाच्या बाजूने आहे. पण दोन्हीकडे एक अट हवीच: मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी गोष्टींची पुस्तकं पुरेशी, आणि सोबत सोपी कन्नडही. तपासणीत पुस्तकं मोजण्याऐवजी घरी किती गेली ते विचारावं.