पट्ट्यावरची पांढरी चिंधी: २२.०६ मान्यतेच्या फुल फेस हेल्मेटचं परीक्षण

हेल्मेट हातात आलं की बहुतेकजण आधी रंग बघतात, मग काच वरखाली करून बघतात. आधी पट्टा उलटा करून बघा. हनुवटीखालच्या पट्ट्यावर एक छोटी पांढरी चिंधी शिवलेली असते. तिच्यावर वर्तुळात रोमन ई, त्याला लागून एक आकडा आणि खाली एक लांब क्रमांक. ईजवळचा आकडा कोणत्या देशाच्या सरकारने मान्यता दिली ते सांगतो: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली. त्यावरून दर्जा ठरत नाही, कसोटी सगळीकडे एकच. बघायचे ते लांब क्रमांकाचे पहिले दोन अंक. ०६ असतील तर हेल्मेट संयुक्त राष्ट्रांच्या २२ क्रमांकाच्या नियमाच्या नव्या आवृत्तीत उतरलंय. ती जानेवारी २०२१ मध्ये अमलात आली. ०५ असतील तर ते सन २००० पासून चालत आलेल्या जुन्या कसोटीचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही. सरकारांनी मिळून केलेल्या या नियमातून पार होऊन जे हेल्मेट ग्राहकाच्या हातात येतं, त्याचं आहे. आमचं मत आधीच सांगतो: ०५ आणि ०६ मध्ये निवड करता येत असेल तर ०६ घ्या. तुमच्या देशात कायद्याने दुसरा शिक्का सक्तीचा असेल तर तोही असायलाच हवा.

कसोटी अशी असते. हेल्मेटमध्ये धातूचं डोकं बसवतात, त्याच्या आत झटका मोजणारं यंत्र असतं, आणि हे सगळं पोलादी ऐरणीवर पाडतात. काही नमुने आधी ५० अंशांवर तापवलेले, काही उणे २० वर गोठवलेले. जुन्या कसोटीत धडकेचा वेग सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर होता. एवढाच? गाडी तर साठने चाललेली असते, असं कुणालाही वाटेल. पण गाडीचा वेग रस्त्याला समांतर असतो. घसरून पडताना डोकं रस्त्यावर आपटतं ते उंचीवरून खाली येण्याच्या वेगाने, आणि ७.५ चा वेग म्हणजे जवळजवळ २.९ मीटरवरून पडणं. दुचाकीवर बसलेल्याचं डोकं त्याहून बरंच खाली असतं. खांबावर किंवा समोरच्या वाहनावर डोकं सरळ गेलं तर मात्र हा हिशेब लागू होत नाही. तिथे कुठल्याच हेल्मेटवर फार भिस्त ठेवता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

जीव वाचवण्याचं मुख्य काम आतला थर्माकोल करतो. कवच मार पसरवतं आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही; थांबायला अंतर देतो तो थर्माकोल. ७.५ च्या वेगाने आलेलं डोकं सरासरी १५० जीने थांबवायचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५० पट झटक्याने, तर सुमारे १९ मिलिमीटर अंतर लागतं. थर्माकोल दबून दबून कागदासारखा होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातली जाडी याहून बरीच जास्त लागते. टोपीसारखं बारीक दिसणारं हेल्मेट लोकांना आवडतं. त्यात हे अंतरच नसतं.

जुन्या कसोटीची खोट इथेच होती. परीक्षा एकाच वेगाची, म्हणून थर्माकोलही त्याच वेगाला बेतलेला: दाट, कडक. मोठ्या धडकेत तो नीट दबायचा. हलक्या आपटण्यात दबायचाच नाही आणि झटका तसाच कवटीत जायचा. ०६ मध्ये ६, ७.५ आणि ८.२ मीटर असे तीन वेग आहेत, आणि झटक्याची सगळ्यात कडक मर्यादा सर्वांत कमी वेगाला आहे. ६ ला १८० जीच्या वर जायचं नाही. वरच्या दोन वेगांना २७५ जीपर्यंत चालतं. त्यामुळे आता एकाच हेल्मेटमध्ये कमी-जास्त घनतेचा थर्माकोल वापरलेला दिसतो. शिवाय पूर्वी मार कुठे बसणार त्या जागा ठरलेल्या होत्या. आता त्यांच्या जोडीला आणखी १२ जागा आहेत आणि त्यांपैकी कुठल्या तपासायच्या ते प्रयोगशाळा ठरवते. ठरावीक ठिकाणीच मजबुती देऊन पास होण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

दुसरी सुधारणा आम्हाला याहून मोठी वाटते. हेल्मेट सेकंदाला ८ मीटर वेगाने ४५ अंशांत तिरक्या ऐरणीवर टाकतात, ऐरणीवर खरखरीत सँडपेपर असतो, आणि आतलं डोकं किती झटक्यात फिरतं ते मोजतात. रस्त्यावर माणूस पडतो तोही असाच, तिरका. जुन्या कसोटीत कवचाचं घर्षण तपासत, पण डोक्याचं फिरणं मोजत नसत. वास्तविक १९४१ मध्ये ह्यू केअर्न्स या मेंदूशल्यविशारदाने ब्रिटिश लष्कराच्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांवर लिहिलं, आणि १९४३ मध्ये त्यांच्यासोबत काम करणाऱ्या होल्बर्न या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की डोकं झटक्यात फिरलं की मेंदूच्या आतले थर एकमेकांवरून ओढले जाऊन फाटतात. तिथून सरकारी कसोटीत येईपर्यंत पाऊणशेच्या वर वर्षं गेली. एवढा उशीर अक्षम्य आहे. काही कंपन्या फिरणं कमी करायला आत घसरणारा पातळ थर बसवतात. तो असलाच पाहिजे असं नाही. नियम फक्त निकाल मागतो.

क्रमांकानंतरचं अक्षरही वाचा. पी म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षण म्हणून तपासलेला. जे म्हणजे तो भागच नाही, उघडं हेल्मेट. एनपी म्हणजे हनुवटीपुढे काहीतरी आहे, पण ते संरक्षण नव्हे. फुल फेससारखं दिसून फसवतं ते हेच. पुढचा भाग वर उचलता येणाऱ्या हेल्मेटवर पी/जे हवं, तरच ते बंद आणि उघडं अशा दोन्ही स्थितींत मान्य.

आता तक्रारी. पहिली: शिक्का पास की नापास एवढंच सांगतो. काठावर पास झालेलं आणि मर्यादेच्या निम्म्यावर थांबलेलं, दोघांची चिंधी सारखीच. ब्रिटनच्या सरकारने २००७ मध्ये शार्प ही योजना सुरू केली ती याच कारणाने. हेल्मेट बाजारातून विकत घेऊन, एका मॉडेलवर ३२ धडका देऊन एक ते पाच तारे देतात आणि निकाल सगळ्यांना फुकट बघायला ठेवतात. जास्त किंमत म्हणजे जास्त तारे, असं त्यात दिसलं नाही. तुमचं मॉडेल त्या यादीत असेल तर नक्की बघा. दुसरी तक्रार: थर्माकोल वाढल्याने ०६ ची बरीच हेल्मेटं ०५ पेक्षा थोडी मोठी आणि जड झाली आहेत. लांबच्या प्रवासात ते मानेला जाणवतं.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा गंभीर. प्रयोगशाळेत पट्ट्याला हिसका देतात: १० किलोचं वजन ७५ सेंटिमीटरवरून सोडतात, पट्टा ३५ मिलिमीटरच्या वर ताणला गेला तर नापास. मागून उपटूनही बघतात, ३० अंशांच्या वर हेल्मेट पुढे कलंडलं तर नापास. पण तिथलं डोकं बरोबर मापाचं असतं आणि पट्टा नीट बांधलेला असतो. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं केलं आणि घालणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. इतक्या झटपट यशस्वी झालेले कायदे थोडे असतात. तरीही पातळ, नावापुरती हेल्मेटं तिथे भरपूर विकली गेली. कायदा डोक्यावर काहीतरी आणतो. ते काय आहे आणि डोक्याला धरून आहे का, हे पोलिसाला लांबून दिसत नाही.

म्हणून विकत घेताना पुढचं सगळं करून बघा, दुकानदार कंटाळला तरी. मापपट्टी भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. त्या आकड्याचं हेल्मेट घालून पट्टा बांधा. गाल आत दाबले गेले पाहिजेत, बोलताना गाल दाताखाली येईल इतपत. दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे वळवा: कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून सरकता कामा नये. मग दुसऱ्या कुणाला मागची कड धरून वर आणि पुढे उचलायला सांगा, जोर लावून. पट्टा बांधलेला असूनही हेल्मेट डोळ्यांवर येऊन निघालं तर ते तुमचं माप नव्हे. शेवटी वीस मिनिटं तसंच घालून बसा. काढल्यावर कपाळाच्या मधोमध एकाच जागी लाल वळ दिसला तर आकार चुकतोय; एक माप मोठं न घेता दुसऱ्या आकाराचं मॉडेल बघा.

पट्ट्यात सगळ्यात जास्त चूक होते ती डबल डी रिंगला, म्हणजे इंग्रजी डी आकाराच्या दोन कड्यांतून बांधायच्या पट्ट्याला. पट्ट्याचं टोक दोन्ही कड्यांतून एकदम आत घालायचं, मग माघारी वळवून फक्त आतल्या, म्हणजे गळ्याकडच्या कड्यातून काढायचं आणि ओढायचं. दोन्ही कड्यांतून माघारी काढलं तर पट्टा धरत नाही, हिसक्यासरशी सुटतो. टोकाला टिचबटण असतं ते लोंबतं टोक फडफडू नये म्हणून. नुसतं तेच लावून निघणारे खूप आहेत, आणि ते हेल्मेट बांधलेलं नसतंच. दातेरी पट्टीच्या खटक्याच्या बकलमध्ये ही भानगड नाही, पण पहिल्या दिवशी लांबी नीट बेतून घ्यावी लागते. पट्ट्याखाली एक बोट जावं, फार तर दोन.

धडक बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. दबलेला थर्माकोल परत फुगत नाही. रिकामं हेल्मेट हातातून पडलं तर तेवढा धोका नसतो, कारण आतून दाबणारं डोकं त्यात नव्हतं, तरी तडा गेलाय का ते बघाच. आरशावर अडकवून ठेवू नका, आतला थर्माकोल तिथे खड्डा पडून बसतो. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, प्लॅस्टिकचं कवच ठिसूळ होतं. आणि गालाचे पॅड वापरून बसतात, म्हणून दर सहा महिन्यांनी मागून उपटायची तीच चाचणी पुन्हा करा. हेल्मेट निघालं तर त्याच मॉडेलचे नवे गालपॅड आणून बसवा, लागले तर एक माप जाड.