ला स्पेझियाचं नेव्हल म्युझियम: चिंक्वे तेर्रेला जाणार असाल तर अर्धा दिवस इथे द्याच

आपली बहुतेक मंडळी इटलीतल्या ला स्पेझियाला उतरतात ती फक्त चिंक्वे तेर्रेची (समुद्रकाठची ती पाच प्रसिद्ध गावं) ट्रेन पकडायला. मी मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मला इथलं म्युझियम बघायचंय म्हणजे बघायचंय, कारण माझी सगळी नोकरी शिपयार्डच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. नाव म्युझेओ तेक्निको नावाले, आर्सेनलच्या (नौदलाची गोदी) मेन गेटला लागूनच आहे आणि स्टेशनपासून आरामात चालत जाता येतं. आर्सेनल सुरू झालं 1869 ला, आजही नौदलाकडेच आहे.

आत नांगर आहेत, टॉर्पेडो आहेत, जुन्या शिडाच्या जहाजांच्या नाकाडावर लावायचे ते लाकडी पुतळे आहेत (त्यातला आतालांता नावाच्या बाईचा अजिबात चुकवू नका, तिच्या पायी जीव दिलेल्या लोकांच्या गोष्टी सांगतात). पण माझे पाय अडकले ते जहाजांच्या मॉडेल्सपाशी, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीने बांधलेल्या मोठ्या चिलखती जहाजांच्या मागे मुख्यतः एकच माणूस आहे, बेनेदेत्तो ब्रिन.

हा मूळचा तोरिनोचा, जन्म 1833, आपल्यासारखाच ड्रॉइंग बोर्डावरचा इंजिनिअर. मार्च 1876 ला नौदलमंत्री झाला आणि मे महिन्यात त्याचंच डिझाइन असलेलं दुइलिओ नावाचं जहाज नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारेच्या यार्डातून पाण्यात उतरलं!! म्हणजे ज्याने रेघा ओढल्या तोच आता पैसे मंजूर करणार. दुसरं जहाज दांदोलो तर इथेच, ला स्पेझियात बांधलं.

दुइलिओ नीट समजून घ्या. शंभर टनांची एकेक तोफ, अशा चार, दोन टरेटमध्ये (तोफांचे फिरते चिलखती बुरूज), आणि टरेट एकामागे एक नाहीत, तिरके बसवलेत, म्हणजे समोरही मारा करता येतो. तोफा तोंडातून भरायच्या, त्यामुळे टरेट फिरवून नळ्या खाली झुकवायच्या आणि डेकच्या खालून हायड्रॉलिक रॅमने गोळा आत ढकलायचा. जाड चिलखत फक्त मधल्या भागाला, पुढेमागे छोटे छोटे कप्पे, एक फुटला तरी जहाज तरंगत राहावं म्हणून. आणि मागच्या बाजूला चक्क छोटी टॉर्पेडो बोट आत ठेवायला जागा! आपल्या नौदलाच्या जलाश्व जहाजाच्या पोटातून लँडिंग क्राफ्ट निघतात ना, त्या जातीचा विचार, तोही जवळपास दीडशे वर्षांपूर्वी.

चिलखताची परीक्षा पण इथेच झाली, खाडीच्या पलीकडे मुज्जानोला, 1876 मध्येच. इंग्लंडच्या लोखंडी प्लेटा तोफेसमोर टिकल्या नाहीत, फ्रान्सच्या श्नायडर कंपनीची स्टीलची प्लेट तडकली पण गोळा आरपार जाऊ दिला नाही, मग ऑर्डर श्नायडरला. पण ब्रिन तिथे थांबला नाही, प्लेट आपल्याच देशात बनली पाहिजे म्हणून मागे लागला आणि 1884 ला तेर्नीचा स्टील कारखाना उभा राहिला. मला हा माणूस सगळ्यात जास्त इथे आवडतो. बाहेरून येणाऱ्या प्लेटसाठी अख्खं जहाज स्लिपवेवर (जहाज बांधून पाण्यात सोडायचा उतार) अडून बसलं की काय होतं हे यार्डात काम केलेल्याला विचारा.

सगळंच पटलं असं नाही. त्याच्या इतालिया नावाच्या जहाजाला बाजूचा चिलखती पट्टाच नाही, सगळा भरवसा स्पीडवर, माझ्या मते ते फार धाडसाचं होतं. मध्ये काही वर्षं आक्तोन नौदलमंत्री होता, त्याला तर एवढी मोठी जहाजंच नको होती. पण ब्रिन परत आला, 1892 ला परराष्ट्रमंत्रीसुद्धा झाला, आणि पुन्हा नौदल खात्यात असताना 1897 ला त्याने तेवीस वर्षांच्या मार्कोनीला इथे बोलावून वायरलेसच्या ट्रायल करायला लावल्या. किनाऱ्यावरून पाठवलेले सिग्नल पंधरा किलोमीटरच्याही पलीकडच्या जहाजावर पोचले! म्युझियममध्ये मार्कोनीचा वेगळा विभाग आहे, तो शांतपणे बघा. पुढच्याच वर्षी ब्रिन गेला, मंत्रिपदावर असतानाच.

लहान मुलं असतील तर तोफा आणि पाणबुड्यांचा भाग आधी दाखवा, नाहीतर मॉडेल्सपाशी कंटाळतील. निघताना शहरातल्या पियात्सा ब्रिनला चक्कर मारा, त्याच्याच नावाचा चौक आहे. पाचपैकी पाच स्टार. उघडायच्या वेळा मात्र निघण्याआधी बघून घ्या, जागा नौदलाची आहे.