ओबीएसमधला आपोआप बदलणारा गुणफलक: कबड्डीच्या एका हंगामानंतर

आमच्या भागातल्या कबड्डी स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवताना गुणफलक, संघांची नावं आणि खालची सूचनांची पट्टी हंगामभर ओबीएस स्टुडिओ या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधूनच चालवली. ते फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं.

मुख्य भिस्त होती टेक्स्ट सोर्समधल्या (पडद्यावर अक्षरं दाखवणाऱ्या घटकातल्या) ‘रीड फ्रॉम फाइल’ या पर्यायावर. दोन्ही संघांच्या गुणांसाठी वेगवेगळ्या साध्या टेक्स्ट फाइल ठेवायच्या. फाइल बदलून सेव्ह झाली की एक-दोन सेकंदांत पडद्यावरचा आकडा बदलतो. दोन गडी टिपून लोण दिला की एकदम चार गुण वाढतात. अशा वेळी हाताने टेक्स्ट बदलत बसलं तर पुढची चढाई सुरू झालेली असते. मधूनच सामना उघडणाऱ्याला कोण पुढे आहे ते तिथल्या तिथे कळायला हवं, म्हणून मी या एका गोष्टीबद्दल फार आग्रही आहे.

मराठीसाठी मात्र विंडोजच घ्या. तिथला जीडीआय प्लस टेक्स्ट सोर्स जोडाक्षरं व्यवस्थित दाखवतो. मॅक आणि लिनक्सवरच्या फ्रीटाइप २ सोर्समध्ये ती नीट जुळत नाहीत, वेलांट्याही जागा सोडतात. खेळाडूचं नाव असं मोडकं दिसणं मला चालत नाही. घरची माणसं ते नाव वाचायलाच बसलेली असतात. त्या यंत्रांवर ब्राउझर सोर्स, म्हणजे पडद्यावर वेबपान दाखवणारा घटक, वापरावा. त्यात अक्षरं वेबपानासारखीच उमटतात, आणि पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नमूद केलं तर, फाँटमध्ये सोय असल्यास, ल आणि श आपल्या वळणाचे येतात. फाइल कायम यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह करा. एएनएसआय या जुन्या पद्धतीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

चढाईच्या 30 सेकंदांचं घड्याळ फाइलवरून चालवू नका. फाइल ठरावीक अंतरानेच तपासली जाते, त्यामुळे मधले आकडे गळतात. घड्याळ ब्राउझर सोर्समध्येच शोभतं. गुगल शीट वेबवर प्रकाशित करून जोडण्याचा मार्गही आहे, पण ती काही मिनिटं मागे राहते. दिवसभराच्या सामन्यांचं वेळापत्रक दाखवायला ठीक, गुणांसाठी मुळीच नाही.

एक बारीक गोष्ट: गुण 9 वरून 10 झाले की आकडा रुंद होतो आणि शेजारच्या नावावर चढतो. ‘एडिट ट्रान्सफॉर्म’मध्ये ‘पोझिशनल अलाइनमेंट’ मध्यभागी ठेवलं की तो दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. आकडा क्षणभर गायब होऊन परत येत असेल, तर फाइलमध्ये गुण लिहिणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) आधी फाइल रिकामी करत असते. दुसऱ्या फाइलमध्ये लिहून मग तिला मूळ फाइलचं नाव द्यायचं, की लुकलुकणं थांबतं.

2022 मधल्या 28 व्या आवृत्तीपासून वेबसॉकेट, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून ओबीएसला आज्ञा देण्याचं साधन, ओबीएसमध्येच आलंय. एकाच वायफायवर असलेल्या मोबाइलवरून गुण बदलता येतात, म्हणजे गुण देणारा मुलगा गुणलेखकांच्या टेबलाशेजारी बसू शकतो. पंचांचा हात दिसतो, बोनस मिळाला की नाही ते लगेच कळतं. मैदानाच्या कोपऱ्यात लॅपटॉपमागे बसून ते जमत नाही. ही सोय हंगामाच्या सुरुवातीपासूनच लावून घ्या.