उडत्या टॅक्सीचं प्लॅनिंग: वर्ड-एक्सेल की मॉडेल?
वर्ड-एक्सेलवर होत नाही असं नाही, विमानं वर्षानुवर्षं कागदांवरच बनली. पण इथे विमान एकटं नसतं ना. समजा बॅटरीचं वजन वाढलं, की रेंज घटते, राखीव उड्डाणाचा वेळ कमी पडतो, चार्जिंग जास्त वेळा लागतं आणि व्हर्टिपोर्टवर (उडत्या टॅक्सीच्या तळावर) पॅडसाठी रांग लागते; आता हे पाच फायलींत शोधत बसा, त्यात एक 'फायनल_नवीन_२' असतेच. सिसएमएल (यंत्रणेचे भाग आणि त्यांचे संबंध मांडायची भाषा) मॉडेलमध्ये रिक्वायरमेंट आणि पार्ट जोडलेले, त्यामुळे धक्का कुठे कुठे बसला ते पटकन दिसतं. युरोपात ईएएसए या विमानसुरक्षा संस्थेच्या २०१९ च्या अटींप्रमाणे शहरावरून प्रवासी नेणाऱ्या व्हीटॉलला (सरळ वर उडणाऱ्या, सरळ खाली उतरणाऱ्या विमानाला) विनाशकारी बिघाडाची शक्यता अब्ज उड्डाण-तासांत एक इतकी कमी दाखवावी लागते, तिथे मॉडेलच बरं. फक्त ते अपडेट केलं नाही तर तेही तितकंच खोटं बोलतं, आणि शिकायला वेळ जातोच.