पहिली लेन्स: ५० मिमी एफ/१.८ की २४-१०५ एफ/४?

फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी घेतलेल्या इंदूरकराला मी आधी ५० घ्यायला सांगेन. थंडीत रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईसमोर उभं राहा, फरक लगेच दिसेल. एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं: एफ/४ वर जिथे शटर १/५० सेकंद उघडं ठेवावं लागतं, तिथे एफ/१.८ त्याच आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेवर) १/२५० देते. जवळजवळ पाचपट प्रकाश! झारा फिरवणारा हात स्पष्ट येतो, मागचे दिवे मऊ विरघळतात. २४-१०५ या झूममधलं स्टॅबिलायझेशन (थरथर भरून काढणारी सोय) तुमचा हात सावरतं, तळणाऱ्याचा नाही. शिवाय ५० वजनाला हलकी, खिशाला परवडणारी.

मात्र राजवाड्याचा सात मजली दरवाजा जवळून अख्खा हवा असेल, तर झूमचं रुंद टोक, २४ मिमी, लागतंच; ५० लावून मागे सरकत थेट रहदारीत जाल. लग्नकार्य, प्रवास सगळं एकाच लेन्सवर भागवायचं असेल, तर झूमच घ्या.