प्युअर एरो की ब्लेड ९८?

इंदूरला टेनिस कोर्टच्या बेसलाइनवरून, म्हणजे मागच्या रेषेवरून, आक्रमक खेळणारा माझा भाचा या दोन रॅकेटमध्ये अडकला आहे. वजनातला फरक नगण्य आहे: तारांविना बाबोलाटची एरो ३०० ग्रॅम, विल्सनची ब्लेड ३०५. खरा फरक चौकटीत आहे. एरोची चौकट मध्यभागी २६ मिलिमीटर जाड व ताठ, हेड, म्हणजे तारा विणलेला भाग, १०० चौरस इंचांचे. त्यामुळे टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने मिळणारी फिरकी, सहज मिळतो, मात्र पॉलिएस्टरच्या तारा घट्ट ताणल्या, तर उशिरा लागलेल्या फटक्याचा हादरा थेट कोपरापर्यंत जाणवतो. ब्लेडची चौकट सुमारे २१ मिलिमीटर आणि लवचीक. ती हाताला सुखावते, पण वेग खेळाडूलाच निर्माण करावा लागतो. उंच उसळणारा फोरहँड ज्याचे हत्यार आहे, त्याने एरो घ्यावी. सपाट, लांब स्विंगने मारणाऱ्याने किंवा कोपर दुखणाऱ्याने ब्लेड.